वकिलीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास आणि उमेद

(महोत्सवानिमित्त धर्मग्रामाच्या सभागृहांत विद्यार्थी व पालक यांच्यापुढें दिलेलें भाषण)



वकिलीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करतांना उमेद कशी टिकवावी, या विषयावर चार शब्द बोलावे असें महोत्सव-समितीनें मला सांगितलें, तेव्हां मी प्रथम थोडा संकोचलों. मी वकिलीच्या शिक्षणास लागलों त्या काळीं आमच्याकडे प्रवेशपरीक्षा असा प्रकारच नव्हता. गुणपत्रिका व शुल्क घेऊन कचेरीच्या खिडकीपुढें उभें राहिलें कीं नांव दाखल होत असे. राष्ट्रीय विधि विद्यापीठांची 'क्लॅट' ही परीक्षा 2008 सालीं निघाली, आणि महाराष्ट्र राज्याची विधि अभ्यासक्रमाची सामायिक प्रवेशपरीक्षा, जिला आपण 'सीईटी' म्हणतों, ती 2016 सालीं. तेव्हां ज्या खाडींत मी स्वतः कधीं उतरलों नाहीं, तिची खोली तुम्हांस सांगावी, हें तसें पाहिलें तर धाडसच होय. परंतु गेलीं कांहीं वर्षें माझ्या नात्यांतलीं आणि या गांवांतलीं मुलें त्या पाण्यांत उतरतांना मीं कांठावरून पाहिलीं आहेत; आणि पोहणारा कोठें दमतो, हें कांठावरच्या माणसास पुष्कळदां अधिक स्पष्ट दिसतें.

ज्या पालकांना या परीक्षांची ओळख नाहीं, त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. 'क्लॅट' अलीकडे डिसेंबर महिन्यांत होते. 120 प्रश्न आणि 120 मिनिटें. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, सामान्य तर्क आणि थोडें अंकगणित, असे तिचे पांच भाग आहेत. बहुतेक प्रश्न उताऱ्यांवर असतात. सुमारें साडेचारशे शब्दांपर्यंतचा इंग्रजी उतारा वाचावयाचा व त्याखालील प्रश्नांचीं उत्तरें द्यावयाचीं. मुंबई, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथील आपल्या राज्याच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठांत याच परीक्षेनें प्रवेश मिळतो. राज्याची परीक्षा निराळी. बारावीनंतरच्या पांच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठीं ती साधारणपणें एप्रिल-मेमध्यें असते, प्रश्न इंग्रजी व मराठी या दोन्ही भाषांत असतात, आणि चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहींत. 1855 सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या सरकारी विधि महाविद्यालयाचा दरवाजा या दुसऱ्या परीक्षेनें उघडतो. दोन्ही परीक्षांच्या मध्यें बारावीची बोर्डाची परीक्षा उभी असते. म्हणजे सतराअठरा वर्षांच्या मुलाला सहा महिन्यांत तीन डोंगर ओलांडावयाचे आहेत.

आतां मुख्य गोष्ट. बुद्धि कमी म्हणून परीक्षा सोडलेलें मूल मीं फार थोडें पाहिलें. बहुतेक मुलें थकून सोडतात, आणि तीं थकतात त्याचेहि महिने ठरलेले आहेत. जूनमध्यें उत्साह इतका असतो कीं घरांतल्या माणसांनीं मोठ्यानें बोलण्याचीहि चोरी. वांद्र्याच्या जत्रेच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरांत, पुस्तकांवर धूळ दिसूं लागते. आणि जानेवारींत, पहिल्या परीक्षेचा निकाल मनासारखा लागला नाहीं तर, मूल पुस्तकाकडे पाहीनासें होतें.

माझ्या भाचीचें उदाहरण सांगतों. तिची परवानगी घेऊनच सांगत आहें. नांव मात्र सांगणार नाहीं, जरी तुमच्यापैकीं निम्मे लोक तें ओळखतीलच. ही मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेंत शिकली. वडील टेंपो चालवितात, आई वाडींतली भाजी घेऊन पहांटेच्या गाडीनें दादरला जाते. जूनमध्यें तिनें भिंतीवर वेळापत्रक लाविलें, तांबड्या, हिरव्या व निळ्या शाईंत, रोज आठ तासांचें. क्लासची फी आईनें दोन हप्त्यांत भरली. पहिले तीन आठवडे वेळापत्रक तंतोतंत पाळलें गेलें. मग एक दिवस पाहुणे आले, एक दिवस ताप आला, एक दिवस आईबरोबर बाजारांत जावें लागलें. आठ तासांचे पांच झाले, पांचांचे दोन. ज्या दिवशीं दोनच तास झाले त्या दिवशीं तिला वाटूं लागलें कीं आजचा दिवस फुकट गेला. आणि फुकट गेलेल्या दिवशीं ते दोन तास तरी कशाला करावे, असें मनानें ठरविलें. सप्टेंबरांत तिनें तें वेळापत्रक काढून टाकलें. भिंतीवर चिकटपट्टीचे चार डाग राहिले, ते अजून आहेत.

वकील-मामा म्हणून मला बोलावणें आलें. मीं काय केलें असेल? तास-दीड तास उपदेश केला. डॉ. आंबेडकरांचें नांव घेतलें. लंडनमधील शिक्षण त्यांना 1917 सालीं अर्धवट सोडून परतावें लागलें, 1920 सालीं ते पुनः गेले आणि बॅरिस्टर होऊन आले, हें सर्व सांगितलें. गोष्ट खरी होती. माझा आवाजहि चांगला लागला होता. मुलगी खाली मान घालून ऐकत होती. दुसऱ्या दिवशीं बहिणीला विचारलें, तर मुलगी दुपारपर्यंत झोपली होती. थोरांचीं चरित्रें उंचावर ठेवलेल्या दिव्यासारखीं असतात. त्यांच्या प्रकाशांत वाट दिसते, पण पायांतला कांटा त्यानें निघत नाहीं.

तो कांटा काढला तिच्या आजीनें, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूनें. या बाई चौथीच्या पुढें शिकलेल्या नाहींत. त्यांना 'क्लॅट' म्हणजे काय हें माहीत नव्हतें, आणि अजूनहि त्या तो शब्द भलताच उच्चारतात. परंतु रात्रीं जेवण झाल्यावर त्यांनीं एवढाच प्रश्न विचारावयास आरंभ केला: "पोरी, आज काय वाचलेंस तें मला सांग."

पहिल्या रात्रीं मुलगी चिडली. दुसऱ्या रात्रीं तिनें टाळण्यासाठीं म्हणून एक उतारा सांगितला. इंग्लंडांत एका गिरणीवाल्यानें आपल्या जमिनींत मोठा तलाव बांधला. खालीं जुन्या खाणींचीं बुजलेलीं विवरें होतीं, तीं बांधणाऱ्यांनीं नीट बंद केलीं नाहींत. पाणी त्या वाटेनें शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणींत शिरलें. 1868 सालीं तेथील सर्वोच्च न्यायपीठानें ठरविलें कीं, गिरणीवाल्याची स्वतःची हयगय नसली तरी, सुटल्यास नुकसान करील अशी वस्तु ज्यानें आपल्या जमिनींत आणून साठविली त्यानेंच नुकसान भरून द्यावें. वकीलमंडळी या खटल्यास रायलँड्स-फ्लेचर म्हणून ओळखतात. आजीनें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग आपल्या शेजाऱ्याचें बावखल पावसांत फुटून आपल्या केळी कुजल्या, त्याचें काय?"

मुलगी थांबली. तलाव बांधलेला आणि बावखल पिढ्यान् पिढ्यांचें. पाणी साठविलेलें आणि पावसाचें. ईश्वरी कोप म्हणून कायद्यांत जो अपवाद आहे तो येथें लागतो कीं नाहीं. या प्रश्नांचीं उत्तरें शोधण्यासाठीं तिला पुस्तक पुनः उघडावें लागलें. दुसऱ्या दिवशीं तिनें आजीला सांगितलें कीं, दिल्लींतील एका कारखान्यांतून 1985 सालीं विषारी वायु सुटला, त्या प्रकरणांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें धोकादायक उद्योगांसाठीं असले अपवादहि काढून टाकले. आजी म्हणाली, "पण शेजाऱ्याचा कारखाना नाहीं." मुलगी म्हणाली, "तेंच तर!" अशा रीतीनें त्या दोघींचें न्यायालय रोज रात्रीं नऊ वाजतां भरूं लागलें.

माझ्या लक्षांत जें तीस वर्षें वकिली करून आलें नाहीं, तें या ओट्यावरच्या न्यायालयानें आणून दिलें. आपण समजतों कीं आधीं उमेद येते आणि मग काम होतें. म्हणून उमेद येण्याची वाट पाहत आपण बसतों. प्रत्यक्षांत उमेद कामाच्या मागून येते, लहान मूल आईच्या मागून येतें तशी. मुलीला रात्रीं आजीला सांगावयाचें होतें, म्हणून दिवसां कांहींतरी एक समजून घ्यावें लागे. एक समजलें कीं दुसरें घ्यावेंसें वाटे. आठ तासांचें वेळापत्रक पुनः लागलें नाहीं. एक उतारा पूर्ण समजून दुसऱ्यास सांगतां आला पाहिजे, एवढाच नेम राहिला. तो ताप आलेल्या दिवशींहि पाळतां येतो. नेम लहान असावा असें मी म्हणतों तें आळसाला जागा मिळावी म्हणून नव्हे. मोठा नेम एकदां मोडला कीं त्याच्याबरोबर मनहि मोडतें, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

यांत आणखी एक लाभ आहे. कायदेविषयक तर्काच्या प्रश्नांत कायद्याचें पूर्वज्ञान विचारीत नाहींत. नियम उताऱ्यांतच दिलेला असतो, आणि तो दिलेल्या प्रसंगास लागू करावयाचा असतो. आजीला समजेल अशा भाषेंत नियम सांगतां आला, तर तो आपल्याला समजला. सांगतां सांगतां जीभ अडखळली, तर जेथें अडखळली नेमकें तेथें आपलें अज्ञान आहे. मराठी शाळेंतून आलेल्या मुलांनीं इंग्रजी उतारा मराठींत, किंबहुना आपल्या घरच्या बोलींत, सांगून पाहावा. इंग्रजी वाढेल तें रोजच्या वाचनानेंच, एक अग्रलेख रोज. पण समज ही आपल्या भाषेंत लवकर उतरते.

आतां सराव-परीक्षांविषयीं, कारण पुष्कळांची उमेद तेथेंच बुडते. नोव्हेंबरांत भाचीचे गुण वाढावयाचे थांबले. पांच सराव-परीक्षा झाल्या तरी आंकडा सत्तरच्या आसपासच. मोबाईलवर क्लासच्या मुलांचा एक गट होता. त्यांत कोणी 92 लिहीत, कोणी 95. (कमी गुण मिळालेलीं मुलें त्या गटांत आपले गुण कधीं लिहीत नसत, हें मात्र तिच्या ध्यानांत आलें नव्हतें.) मीं तिची उत्तरपत्रिका मागून घेतली. तिनें 100 प्रश्न सोडविले होते. 76 बरोबर, 24 चूक. 'क्लॅट'मध्यें प्रत्येक चुकीस पाव गुण कापतात; म्हणजे सहा गुण गेले व 70 राहिले. त्या चोवीस चुकांपैकीं चौदा प्रश्नांना तिनें स्वतःच पेन्सिलीनें प्रश्नचिन्ह केलें होतें, म्हणजे उत्तर येत नाहीं हें तिला ठाऊक होतें. मागें पडूं या भीतीनें तिनें वाटेल त्या वर्तुळांत खूण केली होती. ते चौदा सोडले असते, तर दहाच चुका, अडीचच गुण गेले असते, आणि आंकडा साडेत्र्याहत्तर झाला असता. एक अक्षरहि अधिक न वाचतां. राज्याच्या परीक्षेंत मात्र उलट: तेथें गुण कापत नाहींत, म्हणून एकहि प्रश्न कोरा सोडूं नये. परीक्षा बदलली कीं शहाणपणहि बदलतें.

त्या दिवसापासून तिनें चुकांची वही घातली. चूक कोणती, इतकेंच नव्हे, तर ती कां झाली: नियम नीट वाचला नाहीं, 'नाहीं' हा शब्द निसटला, वेळ संपला, कीं नुसता अंदाज केला. दहा दिवसांत असें दिसलें कीं बहुतेक चुका दोनच प्रकारच्या आहेत. "मला कांहीं येत नाहीं" हें वाक्य माणसास झोपवितें. "माझा 'नाहीं' हा शब्द निसटतो" हें वाक्य त्याला कामास लावितें. आणि तो मोबाईलचा गट तिनें परीक्षा होईपर्यंत बंद ठेवला. तुम्हींहि ठेवा.

एवढें होऊनहि डिसेंबरांत यश आलें नाहीं. तुमच्यापुढें गोड करून सांगण्यासारखी ही कथा नाहीं. क्रमांक असा आला कीं मुंबई सोडाच, दूरच्या विद्यापीठांतहि जागा मिळण्याची आशा नव्हती. त्या आठवड्यांत घरांत कोणी कोणाशीं फारसें बोललें नाहीं. वडील म्हणाले, "आपल्या ऐपतीबाहेरचेंच होतें तें, बरें झालें." ते प्रेमानें म्हणाले; त्या विद्यापीठांची वर्षाची फी लाखांच्या घरांत जाते, हें त्यांनीं कोणाकडून तरी ऐकलें होतें. पण मुलीच्या कानांवर तें निराळेंच पडलें. तिनें पुस्तकें पेटींत घालून पेटी माळ्यावर ठेवली.

येथें मी पालकांना हात जोडून एक विनंति करतों. निकालाच्या दिवशीं मुलाची किंमत आणि परीक्षेची किंमत एका वाक्यांत बोलूं नका. "झालें तें बरें झालें" म्हणूं नका, "आम्हीं किती खर्च केला" हें तर मुळींच नको. ताट वाढा आणि जवळ बसा. आजीनें त्या आठवड्यांत प्रश्न विचारला नाहीं. नाताळ झाला, नवें वर्ष लागलें, आणि एका रात्रीं त्या एवढेंच म्हणाल्या, "तो कारखान्याचा खटला शेवटीं कोण जिंकलें, तें तूं मला सांगितलेंच नाहींस." पेटी माळ्यावरून खालीं आली.

थोरांचीं चरित्रें पायांतला कांटा काढीत नाहींत असें मीं म्हटलें. परंतु कांटा निघाल्यावर चालतांना तीं सोबत करितात, म्हणून दोन नांवें सांगतों. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म 1866 सालीं आपल्याच नाशिकांत, एका ख्रिस्ती घरांत झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकून त्या उत्तम रीतीनें उत्तीर्ण झाल्या; परंतु विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ति त्यांना स्त्री म्हणून मिळाली नाहीं. हितचिंतकांनीं वर्गणी जमवून त्यांना 1889 सालीं ऑक्सफर्डला पाठविलें. 1892 सालीं त्या तेथील कायद्याच्या परीक्षेस बसल्या, तीहि विशेष परवानगी काढून. परीक्षा झाली, पण पदवी मिळाली नाहीं. स्त्रियांना पदवी देण्याची तेथें चालच नव्हती. ती त्यांच्या हातीं 1922 सालीं आली, तीस वर्षांनीं. हिंदुस्थानांत स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा झाला तो 1923 सालीं. दरम्यान त्या हात जोडून बसल्या नव्हत्या. बंगालकडे पडद्यांतील स्त्रियांच्या मालमत्तेच्या तक्रारी सोडविण्याचें सरकारी काम त्यांनीं वर्षानुवर्षें केलें. भाचीला मीं हें जानेवारींत सांगितलें. ती म्हणाली, "मामा, तीस वर्षें? मला तर चारच महिने थांबायचें आहे." या वेळीं मीं पुढें कांहीं बोललों नाहीं.

दुसरें नांव आपल्या समाजांतलें, जोसेफ ऊर्फ काका बाप्टिस्टा. माझगांवांत 1864 सालीं जन्म, घराणें मूळचें उत्तनचें. पुण्यास अभियांत्रिकीचें शिक्षण झालें होतें. पुढें केंब्रिजला जाऊन 1899 सालीं ते बॅरिस्टर झाले. म्हणजे वय पस्तीस. लोकमान्य टिळकांचे ते सहकारी झाले, 1916 सालीं होमरूल लीगचे अध्यक्ष झाले, आणि 1925 सालीं मुंबईचे महापौर. 'एक वर्ष वायां गेलें तर वय निघून जाईल' असें जे म्हणतात, त्यांनीं पस्तीस हा आंकडा लक्षांत ठेवावा. 'क्लॅट'ला कमाल वयाची अट नाहीं.

भाचीचें पुढें काय झालें, हें सांगितल्याशिवाय तुम्ही मला खालीं बसूं देणार नाहीं. बोर्डाची परीक्षा झाली. राज्याची परीक्षा तिनें दिली, एकहि प्रश्न कोरा सोडला नाहीं. मुंबईच्या एका महाविद्यालयांत जागा मिळाली. नामांकित म्हणतां येईल असें तें नाहीं, पण फी आवाक्यांतली आहे. आतां ती तिसऱ्या वर्षाला आहे, विरार लोकलच्या गर्दींत उभी राहून वाचते, आणि घरीं आल्यावर आजीपुढें तिची रोजची उलटतपासणी अजून होते. राष्ट्रीय विद्यापीठांत गेली असती तर अधिक चांगलें झालें असतें काय? कदाचित् झालें असतें. तें मी नाकारीत नाहीं, आणि तीहि नाकारीत नाहीं.

ज्यांच्या घरीं आजी नाहीं, किंवा असून ती दमलेली आहे, त्यांच्यासाठीं कांहीं व्यवस्था असावी म्हणून आदरणीय फादरांनीं सभागृहामागची खोली संध्याकाळपुरती देण्याचें कबूल केलें आहे. मंगळवारीं व शुक्रवारीं सात ते नऊ. मी तेथें बसेन. शिकविणार नाहीं, तुम्ही काय वाचलें तें मला सांगावयाचें, आणि मीं अडाणी माणसासारखे प्रश्न विचारावयाचे. 'क्लॅट'च्या जुन्या प्रश्नपत्रिका तिच्या आयोजकांनीं फुकट उपलब्ध करून दिलेल्या आहेत. त्यांच्या छापील प्रति तेथें ठेवीन. चुकांची वही ज्यानें त्यानें आपली आणावी. आणि मोबाईल दाराजवळच्या टोपलींत ठेवावा लागेल, माझा धरून.